पिस्टनवरच्या रेघा

समजा, तुमच्यासमोर एका जुन्या मोटरसायकलचं जाम झालेलं इंजिन आहे. किक मारून बघा. ती हलणार नाही. अंगात जोर आहे म्हणून तिच्यावर उड्या मारू नका, आतल्या चक्राचा एखादा दात तुटेल आणि एका कामाची दोन कामं होऊन बसतील. आधी प्लग काढा. डिझेल आणि पातळ तेल निम्मंनिम्मं करून त्या भोकातून आत ओता, भोकाला चिंधी कोंबा आणि गप्प बसा. एक दिवस, चार दिवस, आठ दिवस. तेल आपल्या चालीने खाली झिरपतं, त्याला घाई करता येत नाही. मग गाडी वरच्या गिअरला टाका आणि मागचं चाक दोन्ही हातांनी धरून पुढेमागे हलवत राहा. चाक केसभर हललं तरी जीव भांड्यात पडतो.

आता समजा, तुमचा उजवा हात खांद्यापासून नुसता लोंबतोय. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. आणि तो पिस्टन आत कशाने अडकला यावर तुमचा एकुलता एक मुलगा तुमच्या हातून गेला की नाही, ते ठरणार आहे.

सूतभर मिस्त्री अशा इंजिनासमोर खुर्ची टाकून बसला होता.

सूतभर हे त्याचं नाव नव्हे, तोंडी बसलेला शब्द. ‘अजून सूतभर आवळ’, ‘सूतभर घासून काढ’, ‘सूतभर चुकलंच’. त्याचा जुना मित्र लेथवाला त्याला चिडवायचा, “मिस्त्री, सूत हे सुताराचं माप. आपल्याकडे सूतभर फरक पडला तर पिस्टन डब्यातल्या खड्यासारखा वाजेल.” मिस्त्री म्हणायचा, “तुझं माप तुझ्या पट्टीवर. माझं माझ्या बोटात.”

आणि ते खरं होतं. विसाव्या वर्षी पाण्याचे पंप दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात लागलेला हा माणूस तिशीच्या आत स्वतःची पत्र्याची शेड टाकून मोकळा झाला. शेडच्या मागे घर: पुढची खोली, स्वयंपाकघर आणि मोरी. चौतीस वर्षं तो पुढे इंजिनं उघडायचा आणि बायको मागे मोरीत सुटे भाग धुवायची. पत्र्याच्या परातीत रॉकेल, हातात जुना ब्रश. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी तिने एक कार्बोरेटर त्याने बघण्याआधीच लख्ख धुऊन टाकला होता. मिस्त्री दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, “मळ हा साक्षीदार असतो. साक्ष होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही.” तेव्हापासून ती प्रत्येक भाग आधी त्याच्यासमोर धरायची. “बघितलं?” “बघितलं.” मगच परातीत. जेवताना पाणी हवंय का हे विचारायला ती विसरेल, पण ‘बघितलं?’ विचारायला कधी विसरली नव्हती.

मोटरसायकल त्याने लग्नाआधी घेतलेली. बायको तिला ‘माझी थोरली सवत’ म्हणायची. पुढे गाडी मुलाकडे गेली. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. फोन आला की निघायचं. कुणीतरी दोन मजल्यांच्या मध्ये अडकून घामाघूम झालेलं असायचं. गाडी धूर फेकायला लागली तेव्हा त्याने बापाला सांगितलं, “बाबा, रिंगा बदलून द्या.” मिस्त्रीने उघडून बघितलं तर सिलिंडरच खाल्लेला. मग लेथवाल्याकडून सिलिंडर आतून कापून घेतला, मोठ्या मापाचा नवा पिस्टन बसवला. लेथवाला म्हणाला होता, “जरा मोकळा ठेवू का? गरम झाल्यावर फुगतं ते.” मिस्त्री म्हणाला होता, “घट्टच ठेव. हाताला घट्ट लागलं की मला बरं वाटतं.”

दुसऱ्याच दिवशी दुपारी मुलगा रस्त्याकडेच्या सिमेंटच्या खांबावर आदळला आणि जागीच गेला. मागून येणारं कुणी नव्हतं, समोरून कुणी नव्हतं. रस्त्यावर मागच्या टायरची अकरा पावलं लांब काळी रेघ होती. कागदावर लिहिलं गेलं, ‘वाहन भरधाव असल्याने तोल जाऊन’. पण मिस्त्रीने ती रेघ बघितली होती. जोरात ब्रेक मारला तरी अशी रेघ उमटते. आणि धावत्या गाडीचं इंजिन जागच्या जागी आवळलं, तरी मागचं चाक असंच फरफटत जातं.

त्यानंतर सहा महिन्यांनी मिस्त्रीची उजवी बाजू लकव्याने गेली. शेड बंद झाली. गाडी मात्र तीन वर्षं पोलीस ठाण्याच्या आवारात उघड्यावर पडून होती. प्रकरण मिटलं तेव्हा सुनेने सह्या करून ती टेम्पोत घालून आणली. आवारातून कुणीतरी प्लग लांबवला होता. त्या भोकातून तीन पावसाळ्यांचं पाणी आत गेलेलं.

म्हणजे आत गंज असणार हे नक्की. प्रश्न होता तो गंजाखाली काय आहे याचा. पाण्याने जाम झालेलं इंजिन आणि धावताना गरम होऊन आवळलेलं इंजिन, बाहेरून दोन्ही सारखीच. आत मात्र फरक असतो. गरम होऊन आवळलं असेल तर पिस्टनचा धातू वितळून सिलिंडरला फासला जातो आणि पिस्टनवर वरपासून खालपर्यंत उभ्या रेघा ओढल्या जातात. तसं असेल तर दोष मिस्त्रीच्या हाताचा. नुसता गंज असेल तर त्याचा हात दोषातून सुटला.

“बाबा, भंगारवाला उद्या येतो म्हणालाय,” सून म्हणाली. ती औषधांच्या दुकानात कामाला होती. डबा भरता भरता बोलत होती.

“येऊ दे. मागे पत्र्याचे तुकडे आहेत, ते ने म्हणावं. गाडीला हात लावायचा नाही.”

“उघडून काय मिळणार आहे?”

“ते उघडल्यावर कळतं. म्हणून तर उघडतात.”

“कागदावर लिहिलंय की. भरधाव. मी घसा फोडून सांगायचे, हळू जा. ऐकला कधी?” तीन वर्षं झाली होती, पण नवऱ्याचा विषय निघाला की ती अजून भांडणाच्या सुरात बोलायची. तो समोर बसला असल्यासारखी.

“आणि उघडणार कोण?” तिने विचारलं. “तुम्हाला शर्टाचं बटण लावता येत नाही.”

दारात उभ्या असलेल्या बायकोने पदराला हात पुसले. “मी उघडते,” ती म्हणाली. “यांनी सांगावं, मी करते.”

असं काम सुरू झालं. सकाळची धुणीभांडी आवरली की ती शेडमध्ये यायची. खुर्चीवरून मिस्त्री सांगायचा.

“तो नट घड्याळाच्या उलट्या बाजूला फिरव.”

“घड्याळ माझ्या बाजूने बघायचं की तुमच्या?”

“अगं, जो पाना धरतो त्याच्या बाजूने.”

“मग तसं सांगा ना. चौतीस वर्षं नुसत्या ‘आण’ आणि ‘धू’ या दोन शब्दांवर काढलीत माझी.”

“पाना नीट बसलाय का? हात लावून सांग.”

“हातानेच धरलाय, पायाने नाही!”

तेल मुरायला नऊ दिवस दिले. रोज सकाळी ती चाक धरून हलवायची आणि मिस्त्री डावा हात टायरवर ठेवून हालचाल लागते का बघायचा. चाक हलत नव्हतं. दहाव्या दिवशी तिने इंजिनाचं डोकं उतरवलं. मिस्त्रीने वाकून डोळे ताणले. त्याला फक्त एक तपकिरी वर्तुळ दिसलं, कडा पुसट झालेलं.

“काय दिसतंय?”

“गंज. सगळा लाल आहे.”

“तो वरून असणारच. बाजूचं सांग. भिंतीचं.”

“भिंत दिसत नाही, पिस्टन मध्येच बसलाय.”

आता पिस्टनवरून सिलिंडर वर उचलून काढायचा होता. त्याच्या बाहेरच्या पात्या ठिसूळ असतात, जोर लावला तर बिस्किटासारख्या तुटतात. गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्याने सिलिंडर गुंडाळायचा आणि लाकडाचा ठोकळा धरून चारी बाजूंनी हळूहळू ठोके द्यायचे. लेथवाला आपली लाकडी हातोडी घेऊन आला.

“वहिनी, तुम्ही आता पाटीच लावा. मिस्त्रीला ठेवा नोकरीला.”

“यांना ठेवून काय करू? नुसते ओरडतात.”

“ओरडायचा पगार वेगळा द्या!” लेथवाला हसला आणि चहा येईपर्यंत उगाच हातोडी हातात फिरवत राहिला. ती आत गेल्यावर मिस्त्रीने हळू विचारलं, “किती ठेवली होतीस रे फट?”

लेथवाल्याने हातोडी खाली ठेवली. “तुम्ही सांगितली तेवढी.”

“म्हणजे कमी.”

“कमी नाही. घट्ट. पहिली पाचशे किलोमीटर सावकाश काढली की बसेल, अशी.”

“तसा निरोप ठेवला होता मी. त्याला वाटत होतं नुसत्या रिंगा बदलल्यात. मी पहाटेच बाहेरच्या कामाला निघालो, तो झोपला होता. हिला दारात सांगितलं, उठला की सांग, चाळीसच्या वर न्यायची नाही.”

“मग झालं तर. त्याला माहीत होतं.” लेथवाला जरा मोकळा झाला. “उगाच जीव खाऊ नका. पिस्टन बाहेर आला की नख फिरवा. रेघ असेल तर नखाला लागेल. त्याला डोळे कशाला हवेत?”

मिस्त्रीला हे सुचलंच नव्हतं. डाव्या हाताचं नख त्याने त्या दिवसापासून कापू दिलं नाही.

रोज सकाळी दहा ठोके, त्याहून जास्त नाही. पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी जेवण झाल्यावर नेहमीप्रमाणे गोळ्या घेऊन मिस्त्री आडवा झाला. त्या गोळ्यांनी तासदीड तास गाढ झोप लागायची.

जाग आली ती आवाजाने. खर्र, खर्र, खर्र. ओला पॉलिश पेपर लोखंडावर फिरत होता. हा आवाज त्याला झोपेतही ओळखू आला असता; कदाचित तसाच ओळखू आला होता.

“अगं!”

आवाज थांबला. मग पुन्हा आला, चार-पाच वेळा, आधीपेक्षा भरभर. मग थांबला.

काठी टेकत, उजवा पाय ओढत तो मोरीपर्यंत पोचला. ती पाटावर बसली होती. मांडीवर सिलिंडर, हातात कागद. पिस्टन कठड्यावर फडक्यावर ठेवलेला.

“निघाला?”

“निघाला. तिसऱ्याच ठोक्याला सुटला.”

“मला उठवायचं होतंस.”

“गोळी घेतली होती तुम्ही. उठला असता का?”

“मग थांबायचं. धुतलंस कशाला?”

“नेहमी धुतेच की मी.”

“मी बघितल्यावर.”

ती नळाखाली हात धुवायला लागली.

“गंज होता,” मग ती म्हणाली. “नुसता लाल चिखल. त्यात काय बघणार होता तुम्ही?”

मिस्त्रीने काठी भिंतीला लावली, डाव्या हातात पिस्टन घेतला आणि अंगठ्याचं नख त्याच्या अंगावरून फिरवलं. वरून खाली. थोडं वळवून पुन्हा वरून खाली. कुठेही काही लागलं नाही. नवा पिस्टनसुद्धा इतका गुळगुळीत नसतो. त्याच्यावर लेथच्या बारीक आडव्या रेषा असतात. त्याही नव्हत्या.

“पिस्टनलाही कागद मारलास?”

“मारला.”

“का? तो ॲल्युमिनियमचा असतो. त्याला गंज चढत नाही. सिलिंडरचा चिखल नुसत्या फडक्याने पुसला जातो.”

“पांढरं काहीतरी चिकटलं होतं त्याला.”

ॲल्युमिनियम पाण्यात कुजलं की पांढरी पूड धरतं. आणि वितळून फासलं गेलं तरी पांढरंच दिसतं, फक्त ते चकाकतं.

“पूड होती की चकाकत होतं?”

“आता काय सांगू? पांढरं होतं.”

“कुठल्या बाजूला? पुढच्या की मागच्या?”

“अहो, मला नाही आठवत!” तिचा आवाज चढला. “निघालं ना एकदाचं? मग?”

मिस्त्री खाली बसला. डाव्या हाताची बोटं त्याने मोरीच्या जाळीजवळच्या पाण्यात बुडवून एकमेकांवर घासली. राखाडी पीठ. त्यात गंज असेल, धातू असेल, नुसती कागदाची रेती असेल. जाळीतून पाणी बुडबुडत खाली चाललं होतं आणि त्याच्या बोटांना काहीच कळत नव्हतं.

इंजिन पुन्हा जोडायला आठवडा लागला. लेथवाल्याने रिंगा आणि प्लग आणून दिला. सिलिंडरमध्ये बोट घालून बघितलं आणि फडक्याला पुसलं. मिस्त्रीने त्याच्याकडे मान वळवली, तेव्हा म्हणाला, “यावरून आता काही सांगता येणार नाही, मिस्त्री. माप घेण्यात अर्थ नाही.” बायकोशी मिस्त्री कामापुरतं बोलत होता. ती नेहमीपेक्षा जास्त बोलत होती. दूधवाला, नळाची गळती, शेजारणीचं गुडघ्याचं दुखणं.

रविवारी सकाळी सुनेला सुट्टी होती. किक मारायला तीच उभी राहिली, कारण सासूच्या पायात तेवढा जोर नव्हता. आठ वेळा काही झालं नाही. नवव्या वेळी इंजिन खोकलं. अकराव्या वेळी पेटलं आणि शेड निळ्या धुराने भरून गेली. मिस्त्रीने कान दिला. पिस्टन आत टाळ्या वाजवत होता. फट आता वाजवीपेक्षा मोठी होती. एवढा धातू घासून गेला होता. पण कशापायी, गंज काढायला की रेघा काढायला, हे त्या टाळ्यांतून कळत नव्हतं.

“बघा,” बायको मोठ्याने म्हणाली, इंजिनाच्या वर आवाज काढून. “तुमच्या हाताचं काम. चाललंच की! सांगत नव्हते?”

सून थ्रॉटलवर हात ठेवून उभी होती. “म्हणजे इंजिनाला काहीच झालं नव्हतं?”

तिने सासूकडे बघितलं.

“आई, आत नुसता गंजच होता ना?”

“हो,” सासू म्हणाली. “गंज.”

“म्हणजे चाक इंजिनाने नाही धरलं. त्यानेच पळवली आणि त्यानेच ब्रेक दाबला.” तिने हात काढून घेतला. “मला वाटलं होतं, बाबा म्हणतात तसं काहीतरी निघेल. इतके दिवस मनात म्हणत होते, निघू दे. त्याला उगाच शिव्या घातल्या असं तरी होईल.” ती हसल्यासारखं काहीतरी करायला गेली, ते जमलं नाही. “बरं झालं कळलं. विकून टाका आता.”

ती घरात निघून गेली. तिचे डोळे कसे होते ते मिस्त्रीला दिसलं नाही. पाठमोरा पुसट आकार तेवढा दाराच्या उजेडात मावळला.

“अगं, थांब, त्याला मुळात ठाऊकच नव्हतं की...” तो बोलायला गेला आणि वाक्याच्या मध्येच अडकला. काय ठाऊक नव्हतं? पिस्टन नवा आहे, घट्ट आहे, गाडी हळू न्यायची आहे. ते ठाऊक नसायला तो निरोप त्याच्यापर्यंत पोचलेला नसला पाहिजे. आणि गेली तीन वर्षं मिस्त्रीने स्वतःच्या हाताला हजार वेळा दोष दिला होता, पण निरोप पोचला की नाही हे एकदाही कुणाला विचारलं नव्हतं. तो पोचलाच असणार, हे तो धरूनच चालला होता. दारात तिने ‘हो हो, सांगते’ म्हटलेलं त्याच्या कानात होतं. एका हाताने ती केस बांधत होती.

बायकोने वाकून पेट्रोलची चावी बंद केली. चावी बंद केली तरी अशी गाडी लगेच थांबत नाही. कार्बोरेटरच्या वाटीत उरलेल्या पेट्रोलवर मिनिटभर चालते, मग आवाज पातळ होत जातो. त्या मिनिटभर ती इंजिनाजवळच उभी होती, नवऱ्याकडे पाठ करून. उघडते म्हणून तिनेच पुढे होऊन सांगितलं होतं. आपल्या पोटच्या पोरावर सुनेचा राग तिने आत्ता, डोळ्यांदेखत, कायमचा बसू दिला होता. अर्धांगवायू झालेल्या नवऱ्याचा हात सुटावा म्हणून बाई एवढं करू शकते. आणि निरोप सांगायचा राहून तिच्या स्वतःच्या गळ्याशी आलं असेल, तरीही करू शकते.

किंवा खरंच नुसता गंज असेल. चौतीस वर्षांत एकदा माणूस विसरतो.

इंजिन दोनदा अडखळलं आणि थांबलं. शेडमध्ये इतकी शांतता झाली की आत सुनेने भांडं ठेवलेलं ऐकू आलं. आता बोललं असतं तर आवाज चढवावा लागला नसता. तिने फडकं उचललं, हात पुसले आणि नेहमीच्या सुरात विचारलं, “चहा टाकू?”

“टाक,” मिस्त्री म्हणाला.

ती त्याच्या खुर्चीला वळसा घालून आत गेली. तो निवत चाललेल्या सिलिंडरवर डावा तळवा टेकून बसून राहिला. तिला विचारायचं वाक्य पुरतं तयार होतं, त्यातला शब्दही बदलायचा नव्हता: त्या सकाळी तो उठला, तोंड धुतलं, गाडी बाहेर काढली, तेवढ्यात तू त्याला माझा निरोप सांगितलास का?